पाचरीवर बोलायचं नाही

मुकादमीणबाईंच्या घराची पायरी ग्रॅनाइटची, खिडकीखालची फरशी ग्रॅनाइटची, स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा आणि नवराही त्याच खाणीतला. हे शेवटचं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगून झाल्यावर समोरचा हसला नाही तर त्यांना राग यायचा. पण हसण्याच्या भरात कुणी त्यांच्या दगडाला किंवा मुकादमांना दोन शब्द जास्त बोलला, तर त्याची खैर नसायची. थट्टा करायचा हक्क घरच्यांचा, बाहेरच्यांनी त्यात पडायचं नाही.

तसं पाहिलं तर अख्खं गावच त्या दगडाचं होतं. राखाडी अंग, त्यात फिकट गुलाबी दाणे आणि मधूनच चमकून जाणारा अभ्रक. पुलाचे खांब त्याचे, वाचनालयाच्या पायऱ्या त्याच्या, रस्त्याच्या कडाही त्याच्याच. त्या सगळ्या प्रदेशात विहीर खणायला घ्या की पाया खणायला घ्या, थोडी माती उपसली की हा आपला हजर. लोक त्याला ग्रॅनाइट म्हणायच्या फंदातही पडत नसत. ‘आपला दगड’ म्हटलं की झालं.

आणि त्या दगडाच्या खाणीवर मुकादम म्हणजे मुकादम. पाचरीनं दगड फोडावा तर त्यांनीच, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करायचे. मग एक दिवस खाण बंद झाली. माणसं पांगली, यंत्रं गेली, आणि मुकादम खिडकीत येऊन बसले ते बसलेच. ज्या माणसानं उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही, त्याच्या आता खांद्यावर माशी बसली तरी तो हात हलवेना. बाई बडबड करायच्या, भांडायच्या, मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालून बघायच्या. मुकादम मुकाट जेवायचे. जेवणाला नावं ठेवायचीसुद्धा त्यांना इच्छा उरली नव्हती, आणि बाईंना खरी धास्ती त्याचीच वाटायची.

अशात गावात भूगर्भवाल्या मॅडम आल्या. वयानं मुकादमांच्या धाकट्या लेकीएवढ्या, डोक्यावर टोपी, पायात जाडजूड बूट. खाणीच्या तोंडाशी एक लांबलचक शेड होती, जिथे पूर्वी छिन्न्यांना धार लावायचे. ती त्यांनी झाडून पुसून घेतली आणि दारावर पाटी लावली, ‘ग्रॅनाइट अभ्यास केंद्र’. गावानं त्याच दिवशी तिचं बारसं केलं, दगडशाळा.

पहिल्याच दिवशी मुकादमीणबाई तिथे पोचल्या. बोलावणं नव्हतं, पण त्याला काय, दगड आपला. आत एक भिंतभर नकाशा होता, त्यात सगळा प्रदेश रंगवलेला आणि आपल्या दगडाचा पट्टा गुलाबी. टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली दगडाचा कागदाहून पातळ काप. बाईंनी डोळा लावला आणि “अगं बाई!” म्हणून तो काढायलाच तयार होईनात. रोज ज्याच्यावर भांडी आपटली, त्याच्या पोटात इतके रंग?

“हा सगळा जमिनीच्या खाली, फार फार खोल वितळलेला रस होता, काकू,” मॅडम म्हणाल्या. “लाखो वर्षं सावकाश निवत गेला. सावकाश निवला म्हणून दाणे इतके मोठे. हे पांढुरकं काचेसारखं दिसतं ती गारगोटी, हा गुलाबी फेल्डस्पार आणि हा चमकतो तो अभ्रक. वरची जमीन झिजत गेली आणि हा आपल्याला सापडला.”

“म्हणजे घाई न केलेला दगड,” बाई म्हणाल्या.

“अगदी तसंच. मी हे भिंतीवर लिहू का?”

बाईंनी मानेनंच परवानगी दिली, आणि त्या दिवसापासून मॅडम त्यांच्या घरच्या झाल्या. दुसरीही एक गोष्ट बाई तिथे शिकल्या. पेठेत पॉलिशवाल्या शेठचं मोठं दुकान होतं. बाहेरगावाहून आणलेल्या चकचकीत फरश्या तो ‘काळा ग्रॅनाइट, अस्सल ग्रॅनाइट’ म्हणून विकायचा. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, दगड चांगला आहे, टिकाऊ आहे, पण ग्रॅनाइट नव्हे. त्यात गारगोटी नावालाच, कूळच वेगळं. बाजारात चमकेल त्या प्रत्येक टणक दगडाला ग्रॅनाइट म्हणायची पद्धत पडली आहे, त्याला कोण काय करणार. बाईंना काय करायचं ते बरोबर ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत गल्लीतल्या एकूण एक घरी ही बातमी पोचली. शेठनं त्यानंतर बाईंना नमस्कार करायचं सोडलं, आणि बाईंना त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

मग मॅडम घरी आल्या. खिडकीपाशी खुर्ची ओढून मुकादमांच्या समोर बसल्या आणि मोठ्यानं, स्पष्ट बोलल्या.

“काका, दगड तयार कसा झाला ते मी सांगू शकते. तो उघडतो कसा ते मला जमत नाही. पुस्तकातून वाचलं, स्वतः प्रयत्न केला, दोन दगड वाया घालवले. केंद्राचं उद्‌घाटन आहे. सगळ्या प्रदेशातले शिक्षक येणार आहेत, मुलं येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही एक दगड पाचरीनं फोडाल? आणि नंतर आठवड्यातून एकदा येऊन शिकवाल?”

मुकादमांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली आणि मॅडमना बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. बाई ओट्यापाशी हातातलं काम सोडून ऐकत होत्या. शेवटी मुकादम म्हणाले, “दगड मी निवडणार.”

बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठून बघतात तो मुकादम दाढी करून बसलेले. माळ्यावरचा हातोडा खाली आला, त्याला नवा दांडा बसला. पाचरी गंज सुटायला रॉकेलमध्ये पडल्या. जेवताना मुकादम म्हणाले, “आमटीत मीठ आहे का समुद्र आहे?” बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग त्यांच्याशी कडाकडा भांडल्या. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता पाचरीचं काम कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दगडाला तीन बाजू असतात. एका बाजूनं तो सहज फुटतो, दुसरीनं कुरकुरत फुटतो आणि तिसरी बाजू हट्टी, ती सहसा ऐकत नाही. सोपी बाजू हातानं चाचपून ओळखायची. तिच्यावर सरळ रेषेत भोकं पाडायची. प्रत्येक भोकात दोन लोखंडी पात्या आणि त्यांच्यामध्ये पाचर. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका पाचरीवर एकेक ठोका, हलक्या हातानं. परत पहिल्यापासून. पाचर आवळत जाते तसा तिचा आवाज चढत जातो. खण, खण, मग खिण, खिण, आणि शेवटी सगळ्या पाचरी एका बारीक, वरच्या सुरात बोलायला लागतात. तिथे थांबायचं. हातोडा खाली ठेवायचा आणि उभं राहायचं. पुढचं काम दगड स्वतः करतो. ठोका कमी पडला तर पुन्हा मारता येतो. एक ठोका जास्त झाला, की भेग रेष सोडून वाकडी पळते आणि दगड वाया जातो. सगळी कारागिरी त्या थांबण्यात, आणि थांबणं सगळं कानात.

म्हणून खाणीत एक कडक कायदा होता. पाचरीवर बोलायचं नाही. कुणी ठोके घालत असला की बाकीच्यांनी गप्प. बोलणं सोडा, मुकादमांनी एकदा एका गड्याला नुसतं गुणगुणला म्हणून हाकलून दिलं होतं, आणि तो गडी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

पण खाणीच्या भिंतीखालच्या गल्लीला हा कायदा लागू नव्हता. तिथे बायका होत्या. बायकांना खाणीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, पण आवाजाला कोण अडवतो? सकाळपासून संध्याकाळपर्यंत वरून तो खणखणाट यायचा आणि बायका भांडी घासता घासता, कपडे पिळता पिळता तो ऐकायच्या. सूर वर पोचला की कुणीतरी भिंतीपलीकडे ओरडायची, “लागला गं!” लगेच घरोघर चहाचं आधण चढायचं. कारण सूर लागला की दगड फुटणार, दगड फुटला की माणसं दम खायला घरी येणार. माणसं यायची तर कपात चहा ओतलेला. आपल्या घराला काय शिस्त आहे, म्हणून सगळे नवरे एकमेकांजवळ मिशीला पीळ द्यायचे. हे गुपित त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. आणि सांगायचं तरी कशाला?

उद्‌घाटनाच्या आधी एक दिवस मुकादमांनी मागच्या अंगणात एक लहान दगड लावला. हात चालतो का बघू म्हणाले. बाई आत भांडी विसळत होत्या. ठोके सुरू झाले आणि बाईंच्या हातांना आपोआप जुनी लय आली. खण, खण. हात तसाच, अगदी तसाच, एकसारखा. बाईंना वाटलं, वा रे माझ्या वाघा. सूर चढला. अजून चढला. लागला. बाईंचा हात सवयीनं चहाच्या भांड्याकडे गेला.

आणि बाहेर पुन्हा ठोका पडला. मग आणखी एक, आणखी एक. बाईंनी हातातलं भांडं तसंच टाकलं. एक भलताच आवाज झाला, फाटल्यासारखा. त्या दारात आल्या तेव्हा मुकादम उभे होते आणि दगडाची भेग रेष सोडून कोपऱ्यातून बाहेर पळाली होती.

“दगडच खोटा,” मुकादम म्हणाले.

बाईंनी त्या वाकड्या भेगेवरून बोट फिरवलं. उभ्या आयुष्यात ह्या माणसानं दगडाला दोष दिला नव्हता. दगड फसला की ‘माझं चुकलं’ म्हणायचे आणि पुन्हा हातोडा उचलायचे. आज त्यांना चूक कुठे झाली तेच कळलं नव्हतं. ते थांबले नव्हते, कारण त्यांना तो सूर ऐकूच आला नव्हता.

कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतंच. खाणीतल्या सगळ्याच माणसांचं ते रडगाणं. दाराची घंटा ऐकू यायची नाही, टीव्ही भिंती हलतील असा लागायचा, आणि बाई वर्षानुवर्षं समजत होत्या की आपल्याकडे मुद्दाम कानाडोळा चालतो. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, ते कपाटात मोज्यांखाली निवांत झोपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज आधी जातात. तेव्हा बाईंना त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. आता अंगणात उभं राहून तो पुरेपूर लागला.

जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. “मी काय म्हणते, उद्या ते यंत्र कानात घालायचं का?”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? लोक येणार, चार प्रश्न विचारणार.”

“मला सगळं ऐकू येतं,” मुकादम म्हणाले. “तुझं तर नको तितकं ऐकू येतं.”

“मग मघाचा दगड...”

“दगड खोटा होता, सांगितलं ना एकदा!”

असं ओरडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंना त्यांचा हात दिसत होता. बोट गुडघ्यावर मघाचे ठोके पुन्हा मोजत होतं. बाईंना कळलं, ह्यांना कळलंय. कबूल करायची छाती नाही, एवढंच.

आता करायचं काय? मॅडमना सांगावं, तर त्यांनी समजून घेतलं असतं, काकांना जपलं असतं, यंत्रानं कापायची सोय केली असती. आणि कुणी जपतंय हे कळलं असतं, तर मुकादम पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसले असते. न सांगावं, तर उद्या सगळ्या प्रदेशासमोर दगड वाकडा फुटणार. मग तर ते खिडकीतसुद्धा बसायचे नाहीत, आतल्या खोलीत तोंड लपवतील. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी आयुष्यात इतक्या वेळा नवऱ्यापुढे हात टेकले होते, पण जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दगडशाळेपुढे ही गर्दी! शिक्षक आले, मुलांच्या रांगा आल्या, खाणीतली जुनी मंडळी ठेवणीतले कपडे घालून आली. मधल्या मोकळ्या जागेत दोरी बांधून चौकोन केला होता आणि त्यात मुकादमांनी निवडलेला दगड. काय दगड होता! माणसाच्या कमरेएवढा उंच, एकसारख्या दाण्यांचा, अंगावर कुठे डाग नाही, आणि वर भोकांच्या रेषेत पाचरी आधीच बसवलेल्या. बाई दोरीबाहेर पहिल्या रांगेत जाऊबाईंशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या मागेच पॉलिशवाला शेठ येऊन उभा राहिला.

“मी म्हटलं होतं मॅडमना, माझं यंत्र घ्या, लोण्यासारखा कापून देतो,” तो कुणाला तरी सांगत होता. “पण त्यांना जुनी हौस. बघू या म्हातारा काय करतो.”

बाईंनी मागे वळून फक्त पाहिलं. शेठचं उरलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

मॅडम पुढे आल्या. आपला दगड किती जुना, किती खोलवरचा, हे त्यांनी असं छान सांगितलं की मुलं पायाखाली बघायला लागली. शेवटी म्हणाल्या, “आता मुकादमकाका दगड फोडतील. खाणीचा एक कायदा आहे. पाचरीवर बोलायचं नाही. आपणही तो पाळू या.”

सगळीकडे चिडीचूप झालं. मुकादमांनी दगडावरून तळहात फिरवला, हातोडा उचलला आणि पहिला ठोका टाकला.

आणि बाई बाकी सगळं विसरल्या. काय तो हात! खांदा जराही उचलत नव्हता, मनगट नुसतं लवत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठल्या पाचरीला जास्त नाही, कुठल्या पाचरीला कमी नाही. इतकी वर्षं ज्याचा नुसता आवाज ऐकला, ते काम बाई आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होत्या. छाती अशी भरून आली की गर्दीतल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटलं, हा माणूस माझा आहे.

सूर चढायला लागला.

बाईंनी समोरची दोरी घट्ट धरली. अजून थोडा आहे. अजून थोडा. मुकादमांचं कपाळ घामेजलं होतं. ते प्रत्येक ठोक्यानंतर मान किंचित कलती करत होते, एक कान पाचरीकडे करून. शोधत होते बिचारे. बोललं तर सगळ्या जगासमोर त्यांचं बहिरेपण उघडं पडणार, शिवाय त्यांचा स्वतःचा कायदा मोडणार, तोही बायकोनं. न बोललं तर दगड जाणार. आणि नाक? ते दोन्हीकडून कापलं जाणार. मग दगड तरी का घालवायचा? सूर वर पोचला, सगळ्या पाचरी एका आवाजात बोलल्या.

“लागला,” बाई म्हणाल्या.

मुकादमांनी हातोडा पुन्हा उचलला.

ऐकू यायला हवं ना! बाई बोलल्या होत्या दबक्या आवाजात, चारचौघांत बोलतात तशा. मग मात्र त्यांनी चारचौघांना मारली गोळी. भिंतीवरून हाक मारायच्या तो आवाज काढला, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला पोचणारा.

“अहो, बस! लागलाऽऽ!”

आणि काय गंमत, शेजारी जाऊबाई सवयीनं ओरडल्या, “लागला गं!” मागून कुणीतरी ओरडली, तिच्या पलीकडून आणखी एक. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या गर्दीत जिथे जिथे होत्या तिथून ओरडल्या. खाणीतली जुनी माणसं आपापल्या बायकांकडे आ वासून बघायला लागली.

मुकादमांचा हातोडा हवेतच राहिला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग सावकाश हातोडा खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून दगडासमोर उभे राहिले.

काही झालं नाही.

“गेलं,” शेठ मागून पुटपुटला. एक मूल खोकलं. बाईंना शंका आली. आपलं चुकलं की काय? पूर्वीचे कान आता आपले तरी राहिलेत का? थोडा कमी पडला असेल सूर?

मग दगडाच्या आतून एक बारीक आवाज आला. एका पाचरीपासून दुसरीकडे, दुसरीपासून तिसरीकडे एक केसाएवढी रेघ चालत गेली, कशाची घाई नसल्यासारखी. एक खोल, दबका हुंकार झाला आणि दगडाचे दोन भाग सरळ, सुरीनं कापावेत तसे, अलग झाले. आतला चेहरा उन्हात आला. लाखो वर्षांत त्यावर कधी ऊन पडलं नव्हतं. नुसता चमचमत होता.

टाळ्यांचा असा गजर झाला की काही विचारू नका. मॅडम लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या. मुलं दोरी ओलांडून दगडाला हात लावायला धावली. पण बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या मुकादमांकडे बघत होत्या, कारण मुकादम हातोडा घेऊन सरळ त्यांच्याकडे येत होते. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. लोकांनी वाट दिली, टाळ्या थांबल्या. आता होणार तमाशा, बाईंनी मनात म्हटलं, आणि पदरी पडेल ते घ्यायला तयार होऊन ताठ उभ्या राहिल्या. दगड सरळ फुटला होता. आता खुशाल ओरडू देत.

मुकादम दोरीपाशी थांबले.

“तू ओरडलीस?”

“ओरडले.”

“एकदाच?”

“दोनदा.”

मुकादमांनी मान डोलावली. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. त्यामुळे ते पुढचं जे बोलले ते पार मागच्या रांगेपर्यंत पोचलं, शेठपर्यंत तर पोचलंच.

“पहिली हाक मला ऐकू आली नाही,” ते म्हणाले. “सूरही नाही आला. माझे कान गेलेत.”

खाणीतल्या दोघातिघा म्हाताऱ्यांनी नकळत आपापले कान चाचपले. ज्या तोंडातून एवढी एक गोष्ट काढायला बाईंनी वर्षं घालवली होती, त्यानं ती सगळ्या प्रदेशाला ऐकवली, आणि मान जराही खाली गेली नाही. बाईंना मघाशी त्यांच्या हाताचा अभिमान वाटला होता. आता जो वाटला त्यापुढे तो काहीच नव्हता.

एक शिक्षिका पुढे आली. “आजी, तुम्हाला कसं कळलं कधी थांबायचं? हे शिकायला मिळतं तरी कुठे?”

“माझ्याकडे काय बघता,” मुकादम मधेच म्हणाले, प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता तरी. “मी हिला एक अक्षर शिकवलेलं नाही. हिलाच विचारा.”

“घरी शिकले,” बाई म्हणाल्या. “भांडी घासता घासता. ह्या सगळ्या जणी शिकल्या.” आणि त्यांनी गर्दीतल्या एकेका म्हातारीकडे बोट केलं, पहिलं जाऊबाईंकडे. म्हाताऱ्या लाजल्या वगैरे काही नाहीत. चांगल्या माना उंच करून उभ्या राहिल्या. मॅडम डोळे पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, “काकू, दर आठवड्याला आता दोघांनी यायचं. एकट्या काकांना मी घेणार नाही.”

“ते बघू पुढे,” मुकादम म्हणाले. त्यांचं लक्ष पुन्हा दगडाकडे गेलं होतं. “आधी हा अर्धा अजून फोडायचाय. मुलांना एकदा बघून काय कळणार? ये आत.”

बाईंनी दोरीकडे पाहिलं. आजवर पाचरीच्या कामाजवळ कुठल्याही बाईला कुणी बोलावलं नव्हतं. मग त्या वाकल्या आणि दोरीखालून आत गेल्या. आत जाऊन कुठे उभं राहायचं ते कळेना, म्हणून अदबीनं दगडापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. मुकादमांनी आधीच भोकं पाडून ठेवलेल्या दुसऱ्या रेषेवर पाचरी लावल्या, हातोडा उचलला, आणि मागे वळून बघितलं.

“तिकडे लांब काय उभी राहिलीस?” ते सगळ्या गावादेखत ओरडले. “लांबून ऐकू येत नाही म्हणतोय ना मी! इथे ये. माझ्या खांद्यावर हात ठेव, आणि लागला की दाब.”

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी हात ठेवला.